परदेशातील निर्वाहखर्चाचा अंदाज

परदेशी राहावयास निघालेल्या माणसाच्या मनात खर्चाचा जो पहिला आकडा असतो तो बहुधा त्याचा स्वतःचा नसतो. तो कोणाकडून तरी ऐकलेला असतो. सांगणारा हितचिंतक असेल तर तो आकडा लहान असतो, आणि स्वतः परदेशी राहून आलेला असेल तर मोठा असतो. पुढील सर्व अडचणींचे मूळ पुष्कळदा या ऐकीव आकड्यात सापडते.

या विषयाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास भारतीय माणसाच्या परदेशवासातील एक उदाहरण फार उपयोगी पडते, कारण त्यातील बारीकसारीक खर्चही नोंदवलेले आहेत. हे उदाहरण म्हणजे १८८८ ते १८९१ या काळातील मोहनदास करमचंद गांधी यांचा लंडनमधील विद्यार्थिदशेचा काळ होय. पुढे आत्मकथेत त्यांनी या खर्चाची हकीकत मोकळेपणाने सांगितली. तिच्यात उधळपट्टी आहे, पश्चात्ताप आहे, आणि विशेष म्हणजे शिलिंग-पेन्सचे आकडे आहेत.

दोन अंदाज

गांधी कुटुंबाचे स्नेही मावजी दवे यांनी मोहनदासला बॅरिस्टरीसाठी विलायतेस धाडण्याचा सल्ला दिला तेव्हा खर्च चार-पाच हजार रुपयांच्या वर जाणार नाही असे सांगितले. त्यांचे चिरंजीव केवळराम यांनी मात्र किमान दहा हजार रुपये लागतील असे म्हटल्याची नोंद गांधीजींच्या लंडनच्या रोजनिशीत आहे. एकाच घरातील पिता-पुत्रांचे हे दोन अंदाज, आणि एक दुसऱ्याच्या दुप्पट!

वडील करमचंद निवर्तले होते आणि कुटुंबाची स्थिती पूर्वीसारखी राहिली नव्हती. पैसे कोठून आणावयाचे हा प्रश्न निघाला तेव्हा पत्नीचे दागिने विकावेत, त्यांचे दोन-तीन हजार येतील, असे तरुण मोहनदासने सुचविले. थोरल्या बंधूंनी कसेही करून रक्कम उभी करण्याचे वचन दिले. त्यानंतर मुंबईत मोढ वाणी ज्ञातीची सभा भरली. समुद्र ओलांडू पाहणाऱ्या या मुलास ज्ञातीबाहेर टाकण्यात आले, आणि जो कोणी त्याला मदत करील किंवा निरोप देण्यास बंदरावर जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठरला. प्रवासाचे पैसे ज्या मेहुण्यांच्या स्वाधीन होते त्यांनी ज्ञातीच्या भयाने ते देण्यास नकार दिला. शेवटी एका स्नेह्याकडून कर्जाऊ रक्कम घेऊन बोटीचे भाडे आणि किरकोळ खर्च भागवावा लागला. ४ सप्टेंबर १८८८ रोजी बोट मुंबईहून सुटली. परदेशवासाच्या अंदाजपत्रकाचा आरंभ बंदराच्या अलीकडेच होतो, आणि त्यात कर्जाची बाब पहिल्याच ओळीत येते, हे या प्रसंगावरून लक्षात घेण्याजोगे आहे. आजही नोकरीसाठी आखातात जाणाऱ्या कामगाराचे अंदाजपत्रक बहुतेक वेळा याच ओळीपाशी कोसळते. मध्यस्थास मोजलेल्या पैशाचे व्याज पहिल्या वर्षाच्या पगारातून फिटत राहते, आणि तेथील राहणीचा खर्च कितीही काटकसरीने केला तरी घरी धाडावयास काही उरत नाही.

आता मावजींच्या अंदाजाची परीक्षा करू. १८८८ च्या सुमारास रुपयाची हुंडणावळ एक शिलिंग चार पेन्सच्या किंचित वर होती, म्हणजे एका पौंडास साधारण साडेचौदा रुपये पडत. पाच हजार रुपयांचे त्या दराने सुमारे ३४० पौंड होतात. लंडनमध्ये महिन्याला आठ ते पंधरा पौंड खर्च करणारे भारतीय विद्यार्थी गांधीजींनी पाहिले, आणि त्यांपैकी बहुतेकांना शिष्यवृत्ती होती. गांधीजींचा लंडनमधील मुक्काम अदमासे बत्तीस महिन्यांचा. महिना आठ पौंड धरले तर २५६ पौंड होतात, पंधरा धरले तर ४८०. पहिल्या हिशेबात जाण्यायेण्याचे बोटभाडे, कपडे, पुस्तके आणि बॅरिस्टरीचे शुल्क यांसाठी जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी पौंड उरतात. दुसऱ्या हिशेबात उरण्याचा प्रश्नच नाही. तेव्हा मावजींचा आकडा अगदीच खोटा नव्हता, पण तो ज्या राहणीवर आधारलेला होता त्या राहणीची कल्पना घरात कोणालाच नव्हती. अंदाज सांगणाऱ्यास रक्कम विचारण्यापूर्वी ती कोणत्या राहणीची हे विचारावे लागते.

अठरा पौंड

लंडनमध्ये उतरल्यावर पहिला मुक्काम व्हिक्टोरिया हॉटेलात झाला. तेथील बिल तीन पौंड आले. ते पाहून गांधीजी हादरले, कारण एवढे पैसे देऊनही पोट भरलेले नव्हते. शाकाहाराचे व्रत असल्यामुळे समोर आलेले बरेचसे पदार्थ त्यांना खाता आले नव्हते. नव्या शहरातील पहिले काही दिवस सर्वांत महाग पडतात, हे प्रत्येक प्रवाशाच्या अनुभवाचे आहे. त्या दिवसांत माणसाला स्वस्त जागा ठाऊक नसतात, आणि त्या शोधण्याइतका वेळही हाताशी नसतो.

त्यानंतर वेस्ट केन्सिंग्टन भागातील एका कुटुंबात पैसे देऊन राहण्याची व्यवस्था झाली आणि सभ्य इंग्रज गृहस्थ बनण्याची हौस सुरू झाली. मुंबईत शिवलेले कपडे इंग्रजी समाजात शोभणार नाहीत असे वाटून नवे कपडे घेतले गेले. धुराड्यासारखी उंच हॅट एकोणीस शिलिंगांना आली. बाँड स्ट्रीटवर शिवलेल्या सायंकालीन पोशाखास दहा पौंड पडले. नृत्याच्या वर्गाचे एका सत्राचे शुल्क तीन पौंड होते. सहाएक धडे झाल्यावर पावले पियानोच्या तालावर पडत नाहीत असे दिसून आले. ताल कळावा म्हणून व्हायोलिन घेतले, ते तीन पौंडांचे. वक्तृत्व शिकविणाऱ्यास एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, आगाऊ दिले.

ज्यांची किंमत आत्मकथेत दिली आहे अशा या पाचच बाबींची बेरीज केली तर ती बरोबर अठरा पौंड भरते. पुढे याच माणसाने लंडनमध्ये आठवड्याला एक पौंडात राहता येते असे लिहिले. म्हणजे पाच हौशींची किंमत अठरा आठवड्यांच्या निर्वाहाएवढी झाली. रुपयांत ही रक्कम अडीचशेच्या वर जाते, आणि ती राजकोटला कर्ज काढून धाडली जात होती. हे खूळ सुमारे तीन महिने टिकले, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. पोशाखाचा नीटनेटकेपणा मात्र त्यानंतरही पुष्कळ वर्षे टिकून राहिला.

येथे एका गोष्टीकडे दुर्लक्ष होता कामा नये. उधळपट्टीच्या त्या काळातही गांधीजी पै न पै लिहून ठेवीत. बसभाडे, टपालहशील, वर्तमानपत्रासाठी दिलेले दोन पेन्स, सारे वहीत जाई आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी शिल्लक काढली जाई. हिशेब लिहिल्याने उधळपट्टी थांबली नाही. पण पैसा कोणत्या वाटेने जातो हे वहीत उमटत राहिले, आणि खर्च निम्म्यावर आणण्याचे ठरले तेव्हा कोठे कात्री लावावयाची हे शोधीत बसावे लागले नाही.

वहीने पहिली गोष्ट दाखविली ती प्रवासखर्चाची. दुसरी अधिक सूक्ष्म होती. कुटुंबात राहणाऱ्या पाहुण्याने दर आठवड्याचे ठराविक बिल द्यावयाचे असे. शिष्टाचार म्हणून घरातील मंडळींना अधूनमधून बाहेर जेवावयास न्यावे लागे, आणि बरोबर स्त्री असेल तर सर्व खर्च पुरुषानेच करावयाचा. त्या दिवशी घरी न घेतलेल्या जेवणाबद्दल आठवड्याच्या बिलातून मात्र काहीच वजा होत नसे. अशा रीतीने एकाच जेवणाचे पैसे दोनदा दिले जात. गांधीजींनी कुटुंबातील वास्तव्य सोडले आणि स्वतंत्र खोल्या भाड्याने घेतल्या. जागा निवडताना कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी पोहोचता येईल हे पाहिले, त्यामुळे बसभाडे वाचले आणि रोज आठ-दहा मैलांची रपेट होऊ लागली. जागेचे भाडे आणि प्रवासाचे भाडे या दोन बाबी वेगळ्या न धरता एकत्र धरावयास हव्यात, हा धडा आजच्या कोणत्याही महानगरात जाणाऱ्यास तितकाच लागू पडतो. दूरची स्वस्त खोली कित्येकदा जवळच्या महाग खोलीपेक्षा महाग पडते.

एवढ्यानेही समाधान होईना. याच सुमारास गरिबीत शिकणारे काही विद्यार्थी त्यांच्या पाहण्यात आले. त्यांपैकी एक जण गरीब वस्तीत आठवड्याला दोन शिलिंग भाड्याच्या खोलीत राहत होता आणि लॉकहार्टच्या स्वस्त कोकोगृहात दोन पेन्सचा कोको व पाव घेऊन एकेका वेळचे जेवण भागवीत होता. इतक्या टोकास जाण्याचा गांधीजींचा विचार नव्हता, पण दोन खोल्यांऐवजी एक खोली पुरेल आणि काही जेवण घरी करता येईल हे त्यांना पटले. तसे केल्यास महिन्याला चार-पाच पौंड वाचतील असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी एक शेगडी विकत घेतली. सकाळी ओटची लापशी आणि कोको; त्यास वीस मिनिटांहून अधिक वेळ लागत नसे. दुपारचे जेवण बाहेर, रात्री पुन्हा घरी पाव आणि कोको. याप्रमाणे रोजचा खर्च एक शिलिंग तीन पेन्सवर आला.

हा शेवटचा आकडा वाचताना थोडी सावधगिरी बाळगावी. रोज एक शिलिंग तीन पेन्स म्हणजे आठवड्यास आठ शिलिंग नऊ पेन्स होतात, आणि तो प्रामुख्याने खाण्यापिण्याचा खर्च धरावा लागतो. आठवड्यास एक पौंड या त्यांच्याच पुढील आकड्याशी तो जुळवून पाहिला तर खोलीचे भाडे, कोळसा, दिवा, धुलाई, टपाल यांसाठी सव्वाअकरा शिलिंग उरतात, आणि ते त्या काळच्या एका खोलीच्या राहणीस संभवनीय वाटतात. इतरांच्या हिशेबातील एखादा आकर्षक आकडा उचलून त्यावर आपली सारी राहणी बेतणे धोक्याचे असते, ते यामुळेच.

काही खर्च मात्र असे होते की ज्यांवर काटकसरीचा इलाज चालत नव्हता. बॅरिस्टर होण्यासाठी बारा सत्रे भरावी लागत, आणि सत्र भरणे म्हणजे त्या सत्रातील चोवीसेक भोजनांपैकी किमान सहांस हजर राहणे. प्रत्येक भोजनास अडीच ते साडेतीन शिलिंग पडत. एकूण बहात्तर भोजनांचे किमान नऊ पौंड आणि कमाल बारा पौंड बारा शिलिंग होतात. या भोजनांत गांधीजींच्या वाट्यास पाव, उकडलेले बटाटे आणि कोबी एवढेच येई. चार जणांच्या गटास मद्याच्या दोन बाटल्या मिळत असत, त्यामुळे न पिणाऱ्या या सोबत्यास आपल्या गटात ओढण्यासाठी इतरांत चढाओढ लागे. हे पैसे अन्नाचे नव्हतेच. ती एका व्यवसायाच्या प्रवेशद्वारावरची जकात होती, आणि प्रत्येक देशात परक्या माणसाला अशी काही ना काही जकात भरावी लागते.

१० जून १८९१ रोजी त्यांना बॅरिस्टरीची सनद मिळाली आणि १२ जूनला ते स्वदेशी निघाले. पुढे १८९३-९४ च्या सुमारास, दक्षिण आफ्रिकेत असताना, त्यांनी इंग्लंडला जाणाऱ्या भारतीयांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली. ती त्यांच्या हयातीत ग्रंथरूपाने निघाली नाही. पुढे समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडात समाविष्ट झाली. कोणी जावे, कोणी जाऊ नये, कपडे कोणते न्यावेत, जेवणास किती पडते, याचा तपशील तीत आहे, आणि शाकाहारी राहणीने आठवड्याला एक पौंड पुरतो असे तीत आवर्जून सांगितले आहे. ज्याने अठरा पौंड वाया घालविले त्याच्या हातची ही पुस्तिका असल्यामुळे तिचे मोल अधिक.

हुंडणावळ

येथवरचा विचार खर्च करणाऱ्याच्या हातातल्या गोष्टींचा झाला. परदेशवासाच्या अंदाजपत्रकात एक बाब अशी असते की जी ना विद्यार्थ्याच्या हातात असते, ना त्याच्या पालकाच्या. ती म्हणजे दोन देशांच्या चलनांतील प्रमाण.

त्या काळी रुपया चांदीवर आणि पौंड सोन्यावर आधारलेला होता. जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारल्यावर आणि अमेरिकेतील खाणींतून नवी चांदी बाजारात आल्यावर चांदीचा भाव घसरू लागला व त्याबरोबर रुपयाही. १८७० च्या सुमारास शंभर पौंडांसाठी हजार-साडेदहाशे रुपये पुरत. गांधीजी निघाले त्या वर्षी सुमारे साडेचौदाशे लागत, आणि १८९४-९५ मध्ये अठराशेच्या वर. लंडनमधील खोलीचे भाडे जागच्या जागी राहिले, पावाचा भाव वाढला नाही, विद्यार्थ्याने एक पेनीही जास्त खर्च केली नाही, आणि तरीही घरच्या माणसाला पूर्वीच्या पावणेदोनपट पैसे धाडावे लागले.

याच प्रश्नाशी एका मराठी विद्यार्थ्याचा दुहेरी संबंध आला. भीमराव रामजी आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. ती महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी होती. परकीय चलनात ठरलेली शिष्यवृत्ती आणि घरून येणारा रुपया यांत मोठाच फरक असतो, कारण पहिलीस हुंडणावळीची झळ लागत नाही. त्या मर्यादित रकमेतून पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके जमविली. १९१७ मध्ये मायदेशी परतताना सामान वेगळ्या बोटीने पाठविले होते. ती बोट पाणतीराने बुडाली आणि त्या ग्रंथसंग्रहाचा बराच भाग तिच्याबरोबर गेला.

लंडनमधील अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी ते १९२० मध्ये पुन्हा निघाले तेव्हा शिष्यवृत्ती नव्हती. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात महिना साडेचारशे रुपयांवर प्राध्यापकी करून साठविलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज, एवढी तरतूद होती, आणि ती सारी रुपयांतली. नेमके त्याच वर्षी हुंडणावळीने विलक्षण उलथापालथ पाहिली. फेब्रुवारी १९२० मध्ये रुपयास दोन शिलिंग आठ पेन्सच्या वर भाव होता. पुढचे वर्ष उजाडेपर्यंत तो त्याच्या निम्म्यावर आला. हजार रुपयांचे वर्षारंभी एकशे तीस पौंडांहून अधिक झाले असते. वर्षअखेर त्यांचे सत्तरही होईनात. डॉ. आंबेडकरांनी आपल्या प्रबंधासाठी निवडलेला विषय रुपयाचाच होता. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा तो ग्रंथ १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. चलनाचे मूल्य सोन्याच्या किंवा दुसऱ्या चलनाच्या मापाने स्थिर आहे की नाही यापेक्षा देशातील वस्तूंच्या मापाने ते स्थिर आहे की नाही हे अधिक महत्त्वाचे, असे त्यात प्रतिपादन आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात हा प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे आला. परकीय चलनाच्या टंचाईमुळे साठीच्या दशकात परदेशी जाणाऱ्यास खिशात केवळ आठ डॉलर नेण्याची मुभा असल्याच्या आठवणी त्या पिढीतील कित्येकांनी सांगितल्या आहेत. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलरचा दर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. ज्या पालकास आदल्या दिवशी शंभर डॉलरांसाठी ४७६ रुपये पुरत होते त्यास दुसऱ्या दिवशी ७५० मोजावे लागले. आज रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार पैसे बाहेर धाडणे सोपे झाले आहे. २००४ मध्ये वर्षाला पंचवीस हजार डॉलरांची मर्यादा होती, ती २०१५ मध्ये अडीच लाख डॉलरांवर नेण्यात आली. चलनाचा भाव मात्र पूर्वीसारखाच पालकाच्या मुठीबाहेर आहे. म्हणून शेवटच्या वर्षाचे शुल्क आजच्या दराने मोजू नये. मागील पाच-दहा वर्षांत रुपया किती उतरला ते पाहून तेवढी वाढ आधीच धरावी.

उलट बाजूची चूकही होते. तिकडे पोहोचलेला माणूस प्रत्येक वस्तूच्या किमतीस हुंडणावळीच्या दराने गुणतो आणि चहाचा पेला देखील त्याला महाग वाटतो. शिक्षणाचे पैसे घरून येत असतील तर हा गुणाकार योग्य आहे. तेथेच कमावणाऱ्याने मात्र तो सोडून दिला पाहिजे, आणि एका वस्तूसाठी किती तास काम करावे लागते असा हिशेब मांडला पाहिजे.

पहिला महिना

पूर्वी मावजी दवे जो अंदाज सांगत तो आता काही देशांची सरकारेच सांगतात. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्याने वर्षाच्या निर्वाहासाठी ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात दाखविणे आवश्यक केले. त्यांतून महिन्याला ९९२ युरो काढता येतात. ब्रिटनने जानेवारी २०२५ पासून लंडनमधील विद्यार्थ्यासाठी महिना १,४८३ पौंड आणि लंडनबाहेर १,१३६ पौंड, कमाल नऊ महिन्यांसाठी, अशी रक्कम ठरविली होती. हे आकडे परवाना मिळण्यासाठीच्या किमान पात्रतेचे आहेत. म्युनिकसारख्या महाग शहरात आणि पूर्व जर्मनीतील एखाद्या लहान गावात राहण्यास सारखाच खर्च येतो असा त्यांचा अर्थ नाही.

शिवाय मासिक आकडा पहिल्या महिन्यास मुळीच लागू पडत नाही. जर्मनीत घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत रक्कम मागू शकतो. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने सर्वसाधारण घरांसाठी ती पाच आठवड्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली. गोठवलेल्या खात्यातून पहिल्या महिन्यात ९९२ युरोच हाती येणार असतील आणि खोलीचे भाडे चारशे युरो असेल, तर अनामत आणि पहिले भाडे मिळून सोळाशे युरो लागू शकतात. ही तफावत भरून काढणारी रक्कम त्या खात्याच्या बाहेर, वेगळी जवळ असावी लागते. जाहिरातीतील भाड्यात तापवणीचा खर्च धरला आहे की नाही हेही तेथे विचारून घ्यावे लागते, कारण जर्मन भाषेत ‘थंड’ भाडे आणि ‘उबदार’ भाडे असे दोन निरनिराळे शब्दच आहेत. आपल्याकडच्या माणसाला हा प्रश्न सुचतच नाही. घर तापविण्यास पैसे पडतात ही कल्पना त्याला पहिल्या हिवाळ्याचे बिल आल्यावर येते. उन्हाळ्याच्या अखेरीस पोहोचलेला विद्यार्थी पहिल्या दोन महिन्यांचा खर्च पाहून वर्षाचा अंदाज बांधतो आणि डिसेंबरात फसतो.

व्हिक्टोरिया हॉटेलचे तीन पौंड वेगळ्या नावांनी आजही द्यावे लागतात: जागा मिळेपर्यंतचा मुक्काम, दोनदा घ्यावा लागलेला गरम कोट, चुकीच्या दुकानातून घेतलेली भांडी, विमानतळावरील टॅक्सी. ब्रिटनला जाणाऱ्या विद्यार्थ्यास आरोग्यसेवेसाठीचा अधिभार परवान्याच्या अर्जाबरोबरच, सर्व वर्षांचा एकदम, भरावा लागतो; फेब्रुवारी २०२४ मध्ये तो वर्षाला ७७६ पौंड करण्यात आला. अनुभवी मंडळी अशा सुरुवातीच्या खर्चासाठी दोन-तीन महिन्यांच्या निर्वाहाएवढी रक्कम वेगळी बाजूला काढतात, आणि मासिक खर्चाची वही दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून नव्याने सुरू करतात.